समान संधीचा फ्लेक्स

छायाताई उमाटे यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा आधी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा, पण कोणाचं नाव येऊ देऊ नका." मी म्हटलं, तुमचं तर येणारच. तर म्हणाल्या, "माह्यं येऊ द्या. माह्यं आता काय लपवाचं राह्यलं." म्हणून या गोष्टीत त्यांचं नाव खरं आहे, बाकीची मी बदलली आहेत. मुलीचं गाव समुद्रपूरच्या पुढं आहे, याहून जास्त सांगणार नाही. उगाच चौकशी करू नका.

मी पिपरी मेघेजवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. छायाताई तिथंच विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर. एकोणीस वर्षं आम्ही एकाच माठातलं पाणी पितो आणि चार प्राचार्यांची बोलणी खाऊन झाली आहेत. त्या बोरगाव मेघेला राहतात, स्कूटीवर येतात, दहाच्या ठोक्याला खिडकी उघडतात. माहेर शेतकऱ्याचं, भाऊ अजून शेती करतात. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही ते मला माहीत आहे, आणि तेही मी सांगणार नाही.

त्यांच्या आधी त्या खिडकीवर हिरालालबाबू होते. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. गावाकडच्या पोरांना स्वतःच्या डब्यातली पोळी द्यायचा. पण जातीचा दाखला हातात आला की मोठ्यानं वाचायचा, आणि वर म्हणायचा, अरे, तू यातला होय, तोंडावरून वाटत नाही. मागची रांग हसायची. ज्याचा दाखला तोही हसायचा, दुसरं करणार काय.

छायाताई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी व्हरांड्यात खडूनं एक रेघ ओढली. खिडकीवर एक जण, बाकीचे रेघेमागं. आमचा शिपाई रूपराव रोज सकाळी फडक्यानं ती पुसायचा आणि त्या रोज सकाळी नवी ओढायच्या. असं महिनाभर चाललं. शेवटी फाटकाला लावून उरलेला पिवळा ऑइलपेंट त्यांनी आणला आणि वाकून स्वतः रेघ मारली. स्टाफरूममध्ये लोक म्हणाले, बाईला खिडकीची ब्यांक करायची आहे.

हजेरीपत्रकात प्रत्येक नावापुढं कंसात प्रवर्ग लिहायची जुनी पद्धत होती. छायाताईंनी कंस गाळून नवीन पत्रकं टाइप केली. एका प्राध्यापकांनी तक्रार केली की आता वर्गात कोण कोण आहे ते कळत नाही. छायाताईंनी विचारलं, "सर, नाव हाये, नंबर हाये. आणखीन काय कळाले पाह्यजे?" 

मुलांचे दाखले, आजारांची सर्टिफिकेटं, घरच्या भानगडींचे अर्ज, हे सगळं एका हिरव्या लोखंडी कपाटात असायचं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये. मी एवढी जवळची, पण ते कपाट उघडं असताना मी आत गेले तर त्या दार लोटून घ्यायच्या. मला राग यायचा. आता येत नाही.

तर ती मुलगी. तिला वर्षाली म्हणू. दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायला आली. रांग संपेपर्यंत व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली, जेवणाची सुट्टी झाली तरी हलली नाही. सगळे गेल्यावर तिनं घडी केलेला कागद आणि एक लाल कार्ड खिडकीतून आत सरकवलं. आजार सांगावाच लागेल, नाहीतर गोष्ट कळणार नाही. सिकलसेल. आमच्या भागात तो घरोघरी आहे. ज्याच्या रक्तात नुसता अंश आहे त्याला पिवळं कार्ड, ज्याला आजारच आहे त्याला लाल. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं, दगदग झाली की सांधे असे दुखतात की पेन धरवत नाही. कायद्यानं हा आजार दिव्यांगांच्या यादीत आहे, आणि तीन तासांच्या पेपराला अशा मुलांना एक तास जास्त मिळतो.

छायाताईंनी कागद वाचला, पाकिटात घातला आणि तिला सांगितलं की तास तुझ्या हक्काचा आहे, घेजो, लाजू नको. मुलीनं एकच विचारलं.

"म्याडम, कोणाले माहीत पडन का?"

"नाई पडत," छायाताई म्हणाल्या.

हा शब्द त्यांनी दिला होता. माझ्यासमोर दिला होता, सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्याकडं आले होते.

भीती कशाची होती ते आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सरकार म्हणतं, लग्नाआधी रक्त तपासा. बरोबरच म्हणतं. पण लोक रक्त तपासत नाहीत, घर तपासतात. एका घरात एक लाल कार्ड निघालं की त्या घरातल्या सगळ्या पोरींच्या नावावर काट मारतात. वर्षालीला मोठी बहीण होती आणि तिच्या सोयरिकीचं चाललं होतं.

चार परीक्षा वर्षालीनं माझ्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दिल्या. मैत्रिणींना एवढंच माहीत की हिचा नंबर तिकडं लागतो. हिवाळ्यात मी तिचं टेबल खिडकीजवळ उन्हात सरकवून ठेवायची. दोन तासांनी ती पेन खाली ठेवायची, बोटं उन्हात धरायची, पाणी प्यायची आणि पुन्हा लिहायला लागायची. चौथ्या तासाला पेपर पूर्ण व्हायचा. चारही वेळा पहिल्या वर्गात पास झाली. गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

या वर्षी कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. समिती येणार म्हटलं की आमच्याकडे घरात लग्न निघाल्यासारखं होतं. भिंती रंगवतात, कुंड्या भाड्यानं आणतात. समितीला दाखवायला एक समान संधी कक्षही हवा होता. म्हणजे कोणाशी भेदभाव होऊ नये म्हणून कक्ष. त्याचे प्रमुख योगेंद्र सर. इतिहास शिकवतात, उत्साही माणूस. उत्साही माणसाला आमच्याकडे समितीचं काम देतात, म्हणजे तो दोन वर्षांत शांत होतो. योगेंद्र सर अजून झालेले नाहीत.

त्यांनी छायाताईंकडं सवलत घेणाऱ्या मुलांची यादी मागितली. छायाताईंनी संख्या दिली: अकरा. सरांना नावं हवी होती. छायाताई म्हणाल्या, नावं मिळणार नाहीत. सर म्हणाले, पुरावा लागतो. असं तीनदा झालं. चौथ्यांदा प्राचार्यांनी बोलावलं. छायाताईंनी लेखी आदेश मागितला, त्यांना वाटलं लेखी द्यायला कोणी धजणार नाही. प्राचार्यांनी दहा मिनिटांत दिला.

मग त्यांनी एका कागदावर स्वतःच्या हातानं अकरा नावं लिहिली, पुढं गाव, वर्ग आणि कारण. संगणकावर टाइप केलं नाही, कारण संगणकावरचं चार जण पाहतात. खाली लिहिलं की समितीनं पाहून कागद परत करावा. पाकीट बंद केलं, वर लाल शाईत गोपनीय असा शिक्का मारला. एकोणीस वर्षं नोकरी करून या बाईला एवढं कळू नये? आमच्या कॉलेजात एखादं पाकीट सगळ्यांनी उघडावं असं वाटत असेल, तर त्यावर गोपनीय लिहावं.

सोमवारी सकाळी मी आले तर फाटकावर फ्लेक्स.

आमच्या जिल्ह्यात फ्लेक्सशिवाय कोणाचं काही होत नाही. दहावी पास झाला, फ्लेक्स. सोसायटीत संचालक झाला, फ्लेक्स. वाढदिवस तर विचारूच नका. एकदा हार घातला, शाल-श्रीफळ दिलं, चौकात फोटो लावला, की त्या माणसाचा मानच झाला, त्यात अपमान असूच शकत नाही, अशी आमची पक्की समजूत आहे. योगेंद्र सरांनी तेच केलं. वर संस्थाध्यक्ष हसत होते, खाली प्राचार्य हसत होते, बाजूला हात जोडून सर स्वतः. मधे झेंडूच्या फुलांच्या चौकटीत अकरा मुलांचे प्रवेश अर्जावरचे फोटो. 'समान संधी कक्षाच्या गुणवंत लाभार्थ्यांचे हार्दिक अभिनंदन. सत्कार शुक्रवारी.' आणि प्रत्येक फोटोखाली नाव, गाव, वर्ग, लाभाचं कारण. एकाच्या खाली लिहिलं होतं, 'मानसिक उपचार सुरू'. वर्षालीच्या खाली, 'सिकलसेल, लाल कार्ड, जादा वेळ'. छायाताईंच्या कागदावरचं शब्द न् शब्द.

फाटकासमोर एस.टी. थांबते. पहिल्या तासाची सगळी पोरं तिथंच उतरतात. वर्षाली हॉस्टेलच्या तीन मैत्रिणींबरोबर चालत आली. एकीनं फोटो ओळखला आणि खुशीनं नाव वाचलं, मग खालचंही वाचलं. रूपराव तिथं झाडत होता, त्यानं मला नंतर सांगितलं की पोरगी रडलीबिडली नाही. रस्ता ओलांडला, समुद्रपूरची गाडी लागलेली होती, तिच्यात बसली आणि गेली. हॉस्टेलमधलं सामानसुद्धा घेतलं नाही. दुपारपर्यंत फ्लेक्सचा फोटो तिच्या गावच्या ग्रुपवर पोचला होता. कोणीतरी खाली हात जोडल्याची चित्रं टाकून अभिनंदनही लिहिलं होतं.

छायाताईंनी फ्लेक्स पाहिला आणि रूपरावाला शिडी मागितली. तो म्हणाला, साहेबांचं लेखी पाह्यजे. मग त्यांनी शिडी स्वतः ओढत आणली. बावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, नऊवारी नाही पण कॉटनची कडक साडी. मी खालून शिडी धरली आणि तोंडानं जे बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऑफिसच्या कटरनं दोऱ्या कापल्या.

योगेंद्र सर धावत आले. खरोखर कावरेबावरे झाले होते. "ताई, यात वाईट काय लिहिलंय? मी तर अभिनंदन लिहिलं."

"सर, तुमची शुगर किती हाये, ते पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेत छापता का?" शिडीवरूनच छायाताईंनी विचारलं.

सर वळून आत निघून गेले. पण मला सांगायला हवं, त्यांना पटलं म्हणून नाही. त्यांना राग आला होता की शुगरची गोष्ट सगळ्यांसमोर काढली. तेवढं त्यांना बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी छायाताईंना नोटीस मिळाली. कार्यालयीन वेळेत शिडीवर चढून महाविद्यालयाच्या मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये. बारा बाय आठच्या प्लास्टिकची किंमत कॉलेजला होती. मुलीबद्दल त्या नोटिशीत एक अक्षर नव्हतं. छायाताईंनी नोटिशीला उत्तर दिलं आणि विद्यापीठाकडं तक्रार केली. महिन्याभरानं विद्यापीठाचं पत्र आलं: आपली तक्रार योग्य त्या चौकशीसाठी आपल्याच महाविद्यालयाच्या समान संधी कक्षाकडे पाठवण्यात आली आहे. म्हणजे योगेंद्र सरांकडं. ते पत्र वाचून मी टेबलावर डोकं टेकून हसले, आणि मग मला रडू आलं. छायाताईंनी पत्राला आवक क्रमांक घातला.

त्या सोमवारी उतरवलेला फ्लेक्स रूपरावानं घडी करून सायकलीला बांधला होता, गोठ्यावर टाकायला बरा म्हणून. छायाताईंनी तो परत घेतला, कात्रीनं अकरा चेहरे वेगळे कापले आणि ते तुकडे हिरव्या कपाटात ठेवले. मी म्हटलं, आता काय उपयोग. त्यांनी कपाटाला किल्ली लावली.

त्या आठवड्यात वर्षालीचा फोन बंद होता. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत शनिवारी संपत होती. अर्ज गेला नाही तर वर्ष गेलं, आणि अशा घरातली मुलगी एकदा घरी बसली की परत येत नाही. शुक्रवारी, म्हणजे ज्या दिवशी तिचा सत्कार व्हायचा होता त्या दिवशी, छायाताई आणि मी रजा टाकून समुद्रपूरची एस.टी. धरली. पुढं ऑटो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाया वेचत होत्या. छायाताईंच्या पर्समध्ये अर्ज होता आणि प्राचार्यांच्या लेखी आदेशाची झेरॉक्स होती. आदेश दाखवायचा, म्हणजे त्यांना कळेल माझा नाइलाज होता, असं त्या वाटेत दोनदा म्हणाल्या.

वर्षालीची आई, विमलाबाई, शेतातून नुकतीच आली होती. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. वडील बाहेर बाजेवर बसले होते, ते आत आलेच नाहीत. विमलाबाईनं सांगितलं की मोठीच्या पाहुण्यांचा फोन आला होता, सध्या थांबू म्हणाले. सध्या म्हणजे काय ते तिलाही कळत होतं, आम्हालाही. मग ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "तुमाले बोल नाई लावत जी. पण पोरीचं नाव काऊन देल्लं तुमी?"

पर्स छायाताईंच्या मांडीवर होती. त्यांनी ती उघडली नाही.

"चुकलं माह्यं," त्या म्हणाल्या.

मला ओरडून सांगावंसं वाटलं की हिची काही चूक नाही, तीन वेळा नाही म्हणाली, हिला आदेश होता. पण आदेश दाखवून त्या घरात कोणाचं काय भलं होणार होतं?

वर्षाली आतून आली. वाळली होती. आम्ही तिला समजावू, विनवू, अशी तयारी करून गेलो होतो, पण तिनं स्वतःच हात पुढं केला आणि अर्ज मागितला. परीक्षा देणार, म्हणाली. छायाताईंचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. मुलगी भिंतीला टेकून अर्ज भरू लागली. नाव, विषय, मागच्या परीक्षेचा नंबर. मग तो रकाना आला, विशेष सवलत हवी आहे का. तिनं तिथं लिहिलं, नाही.

छायाताई पुढं झाल्या. थंडीत तिचा हात चालत नाही, तीन तासांत पेपर होत नाही, हे सगळं बोलून झालं. "बेटा, हक्क हाये तुहा."

"हक्क घ्याले नाव सांगा लागते ना म्याडम," वर्षाली म्हणाली.

ती रागावून बोलली नाही. सरळ बोलली, खिडकीवर फॉर्मची तारीख विचारावी तशी. छायाताईंनी अर्ज तपासला, सही केली आणि पर्समध्ये ठेवला.

डिसेंबरात परीक्षा झाली. वर्षालीचा नंबर मोठ्या हॉलमध्ये होता, सगळ्यांमध्ये. एका पेपराला माझी ड्यूटी तिथं लागली. हॉलच्या त्या बाजूला ऊन येत नाही. दुसऱ्या तासाला तिनं पेन डाव्या हातात घेतलं, उजवी बोटं काखेत धरली, परत लिहायला लागली. मला जाऊन विचारता येत नव्हतं, विचारलं असतं तर आजूबाजूच्या पोरींनी वळून पाहिलं असतं. तीन तासांची घंटा झाली. पेपर मी गोळा केला. शेवटच्या दोन प्रश्नांचे नंबर तिनं समासात लिहिले होते आणि पुढची पानं कोरी होती. ती उठली आणि मैत्रिणींबरोबर, सगळ्या जाताना, बाहेर गेली. त्या सत्रात ती दोन विषयांत नापास झाली.

ती एकटी नव्हती. फ्लेक्सवरच्या अकरांपैकी एकानंही सवलतीचा अर्ज केला नाही. नव्या प्रवेशातूनही कोणी कागद आत सरकवला नाही. छायाताई खिडकीवर बसून राहायच्या, रांग संपली तरी पाच मिनिटं खिडकी उघडी ठेवायच्या. पिवळ्या रेघेमागं कोणी थांबलेलं नसायचं.

मार्चमध्ये योगेंद्र सरांनी पुन्हा माहिती मागितली. या वेळी छायाताईंनी वाद घातला नाही, लेखी आदेश मागितला नाही, पाकीटही केलं नाही. उघड्या कागदावर एक ओळ लिहून दिली: सवलत घेणारे विद्यार्थी, निरंक.

सरांनी ती वाचली आणि मनापासून खूश झाले. म्हणाले, बघा ताई, आता कोणालाच गरज उरली नाही, सगळे मुख्य प्रवाहात आले, हे आपण अहवालात टाकू. आणि टाकलं. तो अहवाल कॉलेजच्या वेबसाइटवर आहे, फ्लेक्सच्या फोटोसकट. फोटो काढून टाका म्हणून छायाताईंनी सात अर्ज केले आहेत. परवा आठवा केला.

पुढची परीक्षा जवळ आली की मी मागच्या खोलीतलं टेबल पुसते आणि उन्हात सरकवून ठेवते. रूपराव विचारतो, कोण येणार हाये म्याडम. मी म्हणते, कोणी नाही.